शिवाराची सहल : घरातले कोणीही मागे राहू नये

वस्तीतून धम्म सहल निघाली की गाडी लवकर भरते. दीक्षाभूमी, नागलोक, अजिंठा, महाड, चैत्यभूमी अशा ठिकाणी जाण्यासाठी आपल्या माताभगिनी महिनोन्‌महिने पैसे साठवतात. पण गल्लीत एखादे घर असे असतेच, ज्या घरातले सगळे येत नाहीत. लकवा मारलेली आजी मागे राहते. चालता न येणारा मुलगा मागे राहतो. फिट येणारी मुलगी मागे राहते. आणि त्यांना सांभाळण्यासाठी घरातली एक बाई, बहुतेक वेळा आईच, मागे राहते. वर्षामागून वर्षे जातात, पण तिची सहल काही होत नाही.

या महिन्याच्या आरोग्य पानाचा विषय म्हणूनच थोडा वेगळा आहे. एक दिवस सगळ्या घराने शेतावर जायचे, चालत्या-फिरत्यांनी आणि न चालणाऱ्यांनीही. त्यासाठी जागा कशी निवडायची, आधी काय विचारायचे, कोणाची कोणती काळजी घ्यायची आणि खर्च कसा आवरायचा, हे क्रमाने पाहू.

आरोग्याशी याचा संबंध काय?

दहा बाय बाराच्या खोलीत, पत्र्याखाली, खाटेवर पडून राहिलेल्या माणसाचा आजार एकच राहत नाही. अंगाला ऊन लागत नाही म्हणून ‘ड’ जीवनसत्त्व कमी पडते आणि हाडे दुखू लागतात. हालचाल नसल्याने सांधे आखडतात, बद्धकोष्ठ होते, झोप उडते. चार लोकांशी बोलणे होत नाही म्हणून मन खचते. मूल असेल तर त्याच्या डोळ्यांना, कानांना, हातांना नवे काही मिळत नाही आणि त्याची समज वाढायला वाव राहत नाही.

एका दिवसाच्या सहलीने लकवा बरा होत नाही. तसे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण माती हातात घेणे, गाईच्या पाठीवर हात फिरवणे, तुरीची शेंग स्वतः तोडून सोलणे या गोष्टींनी हाताला काम मिळते, भूक लागते, रात्री झोप लागते. मुलांना भाजी कशी पिकते ते कळले की ताटातली भाजी खाण्याचा कंटाळाही थोडा कमी होतो. आणि जी आई रोज उचलणे, भरवणे, धुणे यात गुंतलेली असते, तिला चार तास दुसऱ्या कोणाचा हात मिळाला तर तेही तिच्यासाठी औषधच आहे. सांभाळणाऱ्या बाईची पाठ, कंबर आणि मन आधी थकते, पण तिची केसपेपरवर नोंद होत नाही.

शेत आणि आपण

काही वडीलधारी मंडळी म्हणतील, “आम्ही जन्मभर दुसऱ्याच्या वावरात राबलो. ते सोडून शहरात आलो. आता तेच बघायला गाडीभाडे खर्च करायचे?” हा प्रश्न रास्त आहे. आपल्या समाजाचा शेताशी संबंध बहुधा मालकीचा नव्हता. तो मजुरीचा, सालदारीचा, वतनाच्या वेठीचा होता. म्हणूनच कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले.

पण शेतावर जाण्याची दुसरी रीतही आपल्या परंपरेत आहे. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी शाक्यांच्या वप्पमंगल या पेरणीच्या सणाची माहिती दिली आहे. त्या दिवशी प्रत्येक शाक्याने स्वतः नांगर धरायचा असे. सिद्धार्थ विद्वान होता, राजघराण्यातला होता, तरी तो नांगर धरी आणि अंगमेहनतीला कमी लेखत नसे. त्याच ग्रंथात असेही आहे की, वडिलांच्या शेतावर रणरणत्या उन्हात, तोकड्या कपड्यांत राबणारे मजूर पाहून तो कळवळला आणि एकाने राबावे व दुसऱ्याने त्यावर जगावे हे योग्य कसे, असे त्याने सोबत्यांना विचारले.

आपल्या मुलांना शेतावर न्यायचे ते याच नजरेने. फोटो काढून परत येण्यासाठी नाही. पीक कोण पिकवतो, त्याला काय मिळते, फवारणी करणाऱ्याच्या अंगावर काय उडते, हे विचारायला न्यायचे. आजीला सोबत न्यायचे, कारण कापूस कसा वेचतात, धुऱ्यावरची कोणती भाजी खातात, ज्वारीचे कणीस कधी भरते, हे त्या दिवशी सगळ्यांत जास्त तिलाच माहीत असते. घरी खाटेवर पडून असलेली आजी शेतावर शिक्षिका होते.

पाप-पुण्याचा हिशेब मनातून काढा

अपंग मूल जन्मले की आजही कोणीतरी पुटपुटते, “मागच्या जन्मीचे असेल.” काही घरांत अशा मुलाला पाहुण्यांसमोर आणत नाहीत, लग्नकार्यात नेत नाहीत. बौद्ध घरात या बोलण्याला जागा नाही. मागच्या जन्माच्या कर्माने माणूस दुःखी, दरिद्री किंवा अपंग जन्मतो, ही कल्पना बाबासाहेबांनी स्पष्ट नाकारली आहे. ज्या तर्काने आपल्या पूर्वजांना अस्पृश्य ठरवले, त्याच तर्काने आपण आपल्या लेकराला कोपऱ्यात ठेवायचे काय?

सेरेब्रल पाल्सी, डाऊन सिंड्रोम, स्वमग्नता, बहिरेपणा यांची कारणे शरीरात आहेत. गरोदरपणातले आजार, बाळंतपणात बाळाला प्राणवायू कमी पडणे, जनुकांमधले बदल, जंतुसंसर्ग अशी ती कारणे आहेत. त्यात आईचा दोष नाही. कायद्यानेही हे मान्य केले आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, बरा झालेला कुष्ठरोग, मानसिक आजार, कंपवात हेही येतात. याच कायद्याच्या २९व्या कलमात दिव्यांगांच्या सांस्कृतिक जीवनाचा आणि करमणुकीचा हक्क नोंदवला आहे. म्हणजे सहलीला नेणे हा कोणी केलेला उपकार नव्हे.

कुठे जायचे?

पहिले नाव आनंदवनाचे घेतो, कारण तिथे पाहुणा म्हणून गेलेल्या अपंग माणसाला शेत आणि कारखाना चालवणारी अपंग माणसे भेटतात. आनंदवन चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ आहे, नागपूर-चंद्रपूर रस्त्यावर. वरोऱ्याला रेल्वे स्थानकही आहे. बाबा आमटे आणि साधनाताई यांनी १९५१ साली खडकाळ, झुडपी जमिनीवर ही वसाहत सुरू केली. सोबत सहा कुष्ठरुग्ण आणि एक लंगडी गाय होती. झडलेल्या बोटांच्या हातांनी विहीर खणली गेली, जमीन लागवडीला आली, भाजीपाला आणि दूध निघू लागले. पण कुष्ठरुग्णांनी पिकवलेली भाजी आणि त्यांचे दूध घ्यायला सुरुवातीला आसपासचे लोक तयार नव्हते.

ही गोष्ट आपल्या आजोबांना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. ज्यांच्या हातचे पाणी चालत नव्हते, त्यांना हा बहिष्कार ओळखीचा आहे. आज तिथे शेती, गोठा, हातमाग, सुतारकाम, अंध आणि कर्णबधिर मुलांच्या शाळा, महाविद्यालये असे मोठे गाव उभे आहे. पाहुणे रोज येतात. एकटेदुकटे गेलात तरी चालते, पण गटाने जाताना आधी कळवावे.

कुष्ठरोगाबद्दल मनात भीती असेल तर ती इथेच काढून टाका. हा आजार जंतूमुळे होतो. औषध न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ आणि जवळच्या सहवासात, श्वासावाटे तो पसरू शकतो. हात मिळवल्याने, शेजारी बसून जेवल्याने तो होत नाही. बहुतेक माणसांच्या अंगात त्याच्याविरुद्ध नैसर्गिक शक्ती असते. बहुविध औषधोपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो, प्रकाराप्रमाणे ६ किंवा १२ महिने चालतो, आणि उपचार सुरू झाल्यावर थोड्याच काळात रुग्णापासून संसर्ग होत नाही. बोटे झडलेली दिसतात ती जुन्या आजाराची खूण असते. आपल्या घरात कोणाच्या अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर लाजू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. लवकर औषध घेतले तर हातपाय वाकडे होत नाहीत.

विदर्भातल्या मंडळींना एका दिवसात वरोरा आणि पुढे चंद्रपूरची दीक्षाभूमी असे दोन्ही जमवता येते. १९५६ साली नागपूरनंतर १६ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली, हे मुलांना सांगावे. मात्र खाटेवरचा माणूस सोबत असेल तर दोन ठिकाणांचा हट्ट धरू नका. एकच ठिकाण निवांत पाहा.

आनंदवन ज्यांना लांब पडते त्यांच्यासाठी जवळचे मार्ग आहेत. जवळपास प्रत्येक जिल्ह्यात कृषी विज्ञान केंद्र आहे. अकोला, राहुरी, परभणी आणि दापोली येथे कृषी विद्यापीठे आहेत. त्यांच्या प्रक्षेत्रावर पिके, रोपवाटिका, गोठा, गांडूळखत असे सारे पाहायला मिळते आणि आतले मुख्य रस्ते बहुधा पक्के असतात. अकोल्याच्या विद्यापीठाची शिवार फेरी प्रसिद्ध आहे, पण तिथे गर्दी फार असते. चाकाची खुर्ची घेऊन जाणाऱ्यांनी साधा दिवस निवडावा. राज्य सरकारने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण आणल्यापासून अनेक शेतकऱ्यांनी अशी केंद्रे नोंदवली आहेत. तिथे जेवणासह दिवसाचे पैसे घेतात.

आणि सगळ्यांत जवळचा मार्ग म्हणजे आपल्याच माणसाचे शेत. कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबलीकरण व स्वाभिमान योजनेत भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना ४ एकर कोरडवाहू किंवा २ एकर बागायती जमीन देण्याची तरतूद आहे. नात्यागोत्यात, ओळखीत असे शेत असेल तर तिथेच जा. त्यांच्याकडून भाजी, डाळ, तांदूळ विकत घ्या. तुमचा दिवस होईल, त्यांच्या घरात चार पैसे जातील.

आधी फोन करा आणि हे विचारा

“आमच्याकडे सगळी सोय आहे,” असे उत्तर नेहमी मिळते. त्यावर थांबू नका. नेमके विचारा.

रस्ता : गाडी थांबते तिथून बसायच्या जागेपर्यंत किती पावले? रस्ता सिमेंटचा, मुरमाचा की मातीचा? पाऊस पडून गेल्यावर चिखल होतो का? काळ्या मातीत खुर्चीची पुढची लहान चाके लगेच रुततात.

पायऱ्या : किती आहेत? रॅम्प असेल तर किती उतरता आहे? सोपा हिशेब असा की, एक फूट उंचीसाठी रॅम्प बारा फूट लांब हवा. त्याहून आखूड असला तर खुर्ची ढकलणाऱ्याचा दम निघतो आणि उतरताना खुर्ची घसरते.

संडास : दाराची मोकळी रुंदी किती? तीन फूट असेल तर खुर्ची आरामात जाते. निघण्यापूर्वी आपल्या खुर्चीची रुंदी टेपने मोजून ठेवा. आत खुर्ची वळवायला साधारण पाच फुटांची जागा लागते. भारतीय बैठकीचा संडास असेल तर घडीची कमोड खुर्ची सोबत न्या. सोय नसलीच तर आडोशासाठी दोन जुन्या साड्या आणि दोरी घ्या. पाणी आणि साबण आहे का तेही विचारा. पाळी चालू असलेल्या मुलींनाही त्याची गरज असते. संडासाच्या भीतीने आजी दिवसभर पाणी पीत नाही आणि मग लघवीला जळजळ सुरू होते. हे टाळायचे असेल तर आधी संडासाची सोय पाहायची, मग बाकीचे.

सावली : बसायला छप्पर किंवा मोठे झाड आहे का? थकलेल्या माणसाला आडवे व्हायला खाट मिळेल का?

फवारणी : त्या दिवशी किंवा आदल्या दोन-तीन दिवसांत शेतात फवारणी आहे का? असेल तर दिवस बदला. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. हे विष लहान मुलांना आणि दम्याच्या रुग्णांना लवकर बाधते.

धोक्याच्या जागा : विहिरीला कठडा आहे का? शेततळ्याला कुंपण आहे का? कुत्री बांधलेली असतात का?

दवाखाना : जवळचे ग्रामीण रुग्णालय किती अंतरावर आहे? तिथे सर्पदंशाचे इंजेक्शन मिळते का?

कोणाची कोणती काळजी

चाकाची खुर्ची वापरणारे : खडबडीत जमिनीवर खुर्ची पुढे रेटू नका. ती मागे किंचित कलवून पुढची चाके उचला, किंवा पाठमोरी ओढा. उतारावरून उतरताना नेहमी पाठमोरे उतरवा. दोन लाकडी फळ्या सोबत असल्या तर छोटी नाली किंवा उंबरठा पार करता येतो. ज्यांना कमरेखाली स्पर्श कळत नाही त्यांना बसून बसून जखमा होतात. दर अर्ध्या तासाने हातावर जोर देऊन किंवा कोणाच्या मदतीने अंग उचलून भार बदला. बंडीत बसवायचे असेल तर खाली जाड गादी हवीच. मणक्याला इजा झालेल्यांना इजेच्या खालच्या भागात घाम नीट येत नाही, म्हणून ऊन लवकर चढते. त्यांच्या मानेवर, हातांवर ओले फडके फिरवत राहा.

अंध व्यक्ती : तिचा हात धरून ओढू नका. तिला आपल्या कोपराला धरू द्या आणि अर्धे पाऊल पुढे चाला. शेत हे वास, स्पर्श आणि आवाजांचे ठिकाण आहे. कोथिंबीर, गवती चहा, ओली माती, कडबा, कोंबड्यांचा आवाज यातून तिला शेत कळू द्या. जनावराला हात लावण्यापूर्वी ते मारके नाही ना, हे मालकाला विचारा.

कर्णबधिर व्यक्ती : मागून येणारा ट्रॅक्टर किंवा बैल तिला ऐकू येत नाही. यंत्र चालू असेल तिथे एक जण कायम तिच्या नजरेसमोर असावा.

स्वमग्न किंवा बौद्धिक अपंगत्व असलेली मुले : दोन दिवस आधीपासून कुठे जायचे ते चित्रे दाखवून सांगा. मोटारपंप किंवा थ्रेशरच्या आवाजाने मूल घाबरले तर शांत कोपरा आधीच ठरवलेला असावा. त्याचे आवडते फडके, वाटी, खाऊ सोबत घ्या. मुलाच्या खिशात नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. पाण्याकडे ओढ असलेल्या मुलावर एका माणसाने पूर्णवेळ लक्ष ठेवावे. “सगळे बघतील” म्हटले की कोणीच बघत नाही.

फिट येणारे : त्या दिवशीची गोळी चुकवू नका, झोप पुरी होऊ द्या, विहीर-तळ्याजवळ एकटे सोडू नका. फिट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, घड्याळ पाहा. तोंडात चमचा घालू नका. कांदा, चप्पल नाकाला लावू नका. त्याने काही होत नाही. पाच मिनिटांत फिट थांबली नाही किंवा लागोपाठ दुसरी आली तर दवाखान्यात न्या.

सिकलसेल : विदर्भात आपल्या समाजात हा आजार बराच आढळतो, म्हणून नीट वाचा. अशा मुलांना पाणी कमी पडणे, फार दमणे, गारठा आणि कडक ऊन या चारही गोष्टी त्रास देतात. त्यांना सतत थोडे थोडे पाणी द्या. डिसेंबरात पहाटे निघत असाल तर स्वेटर आणि कानटोपी घाला. मोटारपंपाच्या गार पाण्यात इतर मुले डुंबतील, सिकलसेलच्या मुलाला त्यात उतरवू नका. कळा सुरू झाल्या तर पाणी, ऊब, आराम आणि डॉक्टरांनी दिलेली वेदनेची गोळी द्या. ताप, छातीत दुखणे किंवा धाप लागली तर घरी जायची वाट न पाहता थेट रुग्णालयात जा.

दमा : कडब्याच्या, कुटाराच्या धुळीपासून आणि गाजरगवतापासून दूर बसा. फवारा खिशात हवा, गाडीतल्या पिशवीत नको.

मधुमेह : अनवाणी चालू नका. काटा टोचला तरी कळत नाही आणि जखम चिघळते. जेवणाची वेळ टाळू नका. हुरडा बेताने खा, उसाचा रस आणि काकवी टाळलेली बरी.

गरोदर बायका : नुकत्याच व्यालेल्या शेळी-मेंढीजवळ जाऊ नका आणि कच्चे दूध पिऊ नका. त्यातून गर्भाला धोका पोहोचवणारे जंतू येऊ शकतात.

मानसिक आजाराची औषधे घेणारे : काही गोळ्यांमुळे ऊन जास्त बाधते. डोक्यावर टोपी किंवा दुपट्टा आणि भरपूर पाणी हवे.

शेतावर सगळ्यांनी पाळायचे नियम

जनावरांना, मातीला, शेणाला हात लावल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय तोंडाला हात लावायचा नाही. गोठ्यात बसून खायचे नाही. धारोष्ण दूध ताकद देते असे म्हणतात, पण त्यातून क्षयाचे आणि ब्रुसेला तापाचे जंतू जाऊ शकतात. दूध उकळूनच प्या. शेतातले फळ किंवा भाजी मालकाला विचारून तोडा, पिण्याच्या पाण्याने धुऊन खा. कीटकनाशकाच्या रिकाम्या डब्यात पाणी भरू नका.

कापले, टोचले तर जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा आणि त्याच दिवशी धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी आरोग्य केंद्रात विचारा. कुत्रा चावला तर जखम १५ मिनिटे साबण-पाण्याने धुवा. हळद-मिरची भरू नका. रेबीजची लस घेतलीच पाहिजे.

साप चावला तर माणसाला चालवू नका. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका. घट्ट दोरी बांधणे, ब्लेडने कापणे, तोंडाने विष ओढणे हे सारे घातक आहे. मांत्रिकाकडे जाण्यात गेलेला वेळ जिवावर बेततो. १०८ वर फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने रुग्णालय गाठा. सापाला मारून सोबत नेण्याचीही गरज नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा शेतावर जायला उत्तम काळ आहे. शिवारात तूर, हरभरा, गहू, ज्वारी उभी असते आणि हुरड्याचे दिवसही याच काळात येतात. एप्रिल-मे टाळा. तरीही दुपारी बारा ते तीन सावलीतच बसा. ओआरएसची पाकिटे घ्या. एक पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवायचे आणि उरलेले २४ तासांनी टाकून द्यायचे. अंग तापले, बोलणे असंबद्ध झाले, घेरी आली तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, अंगावर पाणी टाका, वारा घाला आणि दवाखान्यात न्या. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

प्रवास आणि पैसा

खाजगी गाडी ठरवण्याआधी एसटीचा हिशेब करा. महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धे भाडे आहे. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत, तर ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धे भाडे आहे. दिव्यांगांना साध्या बसमध्ये ७५ टक्के सवलत मिळते. अपंगत्व जास्त असेल तर सोबत्यालाही सवलत असते आणि सिकलसेलच्या रुग्णांसाठीही तरतूद आहे. आगारात जाऊन कोणते ओळखपत्र लागते ते आधी विचारून घ्या.

यासाठी दिव्यांग प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, हवे. अर्ज ऑनलाइन करायचा असतो आणि तपासणी सरकारी रुग्णालयात होते. वस्तीत आजही अनेक घरांत मूल दहा-बारा वर्षांचे होऊनही हे कार्ड काढलेले नसते. सहलीच्या निमित्ताने ते काढले गेले तर पुढे शिष्यवृत्ती, पेन्शन, व्हीलचेअर अशा योजनांची वाट मोकळी होते. वस्तीतल्या शिकलेल्या तरुणांनी एक रविवार विहारात बसून हे अर्ज भरून द्यावेत.

जेवण घरून न्या. भाकरी किंवा पोळी, झुणका, शेंगदाण्याची चटणी, दही, केळी पुरेशी होतात. गिळायला त्रास असणाऱ्या आजी-आजोबांसाठी मऊ खिचडी वेगळी घ्या आणि ती बसवूनच भरवा, आडवे असताना नको. रोजच्या गोळ्या एका डबीत आणि औषधांची चिठ्ठी दुसऱ्याच्या पिशवीत ठेवा. एक पिशवी हरवली तरी काम अडणार नाही.

विहारातून सहल निघावी

एकट्या घराला हे सगळे जड जाते. महिला मंडळाने ठरवले तर सोपे होते. पुढच्या पौर्णिमेला वंदनेनंतर दहा मिनिटे या विषयाला द्या. वस्तीत कोणाकोणाच्या घरी खाटेवरचा माणूस आहे, कोण बाहेर पडत नाही, याची यादी करा. त्या घरांना आधी विचारा आणि त्यांची जागा आधी राखा. उरलेल्या जागा बाकीच्यांना द्या. नेहमी याच्या उलट होते, म्हणून ही माणसे मागे राहतात.

प्रत्येक दिव्यांग व्यक्तीमागे दोन मदतनीस ठरवा, आणि त्यात तिच्या घरचे कोणी नको. समता सैनिक दलाच्या मुलामुलींना खुर्ची कशी धरायची, माणूस कसा उचलायचा हे वस्तीतच एकदा करून दाखवा. उचलताना कमरेतून न वाकता गुडघ्यातून वाकायचे. ज्याला उचलायचे त्याला आधी विचारायचे. तो सामान नाही. त्याला काय बघायचे आहे, किती वेळ बसायचे आहे, हे त्याच्याशीच बोलायचे, त्याच्या डोक्यावरून त्याच्या आईशी नाही.

दोन जणांनी आधी जाऊन जागा पाहून यावी. रस्ता, संडास, सावली मोजून यावी. दिवस छोटा ठेवा. सकाळी नऊला निघून पाचला परत, एवढे पुरे. पहिल्या वेळी दहा-बारा घरेच न्या. चुका होतील, काही राहून जाईल. परत आल्यावर विहारात बसून काय अडले ते लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या खेपेला ते अडणार नाही. आणि ज्या मालकाने सोय केली नव्हती त्याला पायरीला रॅम्प करायला सांगा. दोन पोती सिमेंट आणि थोडी वाळू-गिट्टी लागते, फार मोठा खर्च नाही. मागितल्याशिवाय रॅम्प कोणी करत नाही.

करुणा आणि मैत्री हे शब्द आपण वंदनेत दर आठवड्याला ऐकतो. शेजारच्या घरातली जी बाई गेली कित्येक वर्षे कुठेच गेली नाही, तिचे आणि तिच्या लेकराचे नाव यादीत सगळ्यांत वर लिहून या कामाला सुरुवात करा.

जय भीम!